फोन सिस्टरकडे असतो

राजमणी सिस्टर, हे मी चार वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलाला नाही. तुम्हाला सांगायची गरज नव्हती, तुम्ही तिथेच उभ्या होतात. तरी तुमच्याशीही मी त्यावर एक शब्द बोललो नाही. दरवेळी कारण सापडायचं. आज दवाखान्यात गर्दी आहे. आज तुमची तब्येत बरी नाही. आज तुमची भाची घरात आहे, तिच्यासमोर नको. आता तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. कारणं संपली, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुमच्यावर कुणी लिहिलंच तर सेवाभावी, हसतमुख वगैरे लिहील. तुम्ही हसतमुख नव्हतात. सकाळचा चहा होईपर्यंत तुमच्याशी बोलायची माझी हिंमत नसायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली पाळी सुटली की टॉवेल कारखान्यातली माणसं सायकलीवरून तशीच आपल्या दवाखान्यात यायची, केसात, भुवयांत कापसाची पिंज. तुम्ही दारातच अडवायचात. "आधी भाईर जाऊन अंग झाड. मग छाती दाखव साहेबाला." एकदा एकजण म्हणाला, "सिस्टर, दम लागतोय हो." तुम्ही म्हणालात, "दम लागतोय म्हणूनच झाड की. ती पिंजच गेलीय ना छातीत तुझ्या." आणि स्वतःच त्याच्या पाठीवर टॉवेल आपटायला लागलात. एकोणतीस वर्षं तुम्ही माझ्या दवाखान्यात होतात. त्यातली पंचवीस-सव्वीस वर्षं लोक आजार घेऊन यायचे. मग ते फोन घेऊन यायला लागले.

त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं ते त्या चादरीच्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यामुळे. आठवतंय? त्यांनी व्हिडिओ दाखवला: रोज उपाशीपोटी गरम पाणी प्यायलं की हृदयातल्या गाठी विरघळतात. मी चिडलो. माझी घरची भाषा कानडी, त्यांचीही. मी त्यांना कानडीत चांगलं झापलं. ते गोळ्यांची चिठ्ठी न घेताच उठले. तुम्ही त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेलात. काचेतून मला दिसत होतं. तुम्ही त्यांच्याशेजारी बसून तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. मग आत येऊन चिठ्ठी घेऊन गेलात.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"गरम पाणी प्या की, कोण नको म्हणतंय, म्हटलं. गोळीपण त्याच गरम पाण्याबरोबर घ्या."

"म्हणजे खोट्याला मान डोलावलीत."

"गाठी विरघळत न्हाईत हे सांगितलं की. पण ते शेवटी सांगितलं. आधी त्यांचं ऐकलं. साहेब, माणसाला भीती वाटली म्हणून तो फोन बघतो. तुमी भीतीला सोडून फोनलाच मारताय."

मी हसलो. बाहेर वीस माणसं खोळंबली होती आणि माझी नर्स पायरीवर बसून पाण्याचा व्हिडिओ बघत होती. मी म्हणालो, खोट्याला खोटं म्हणायला एवढी लाज कसली? तुम्ही म्हणालात, "म्हणा की खोटं. पण नुसती चटणी कुणी तोंडात टाकतं का? ठसका लागतो. भाकरीत घालून द्या. आधी खरं सांगा, मग खोटं काय ते एकदाच सांगा, मग परत खरं." शेंगाचटणीच्या शहरात मला कुणी भाकरी शिकवावी याचा मला राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

मग त्या बाळाच्या आईचं. लस दिली की पोरगं लुळं पडतं, असा कुणाचा तरी आवाज तिच्या फोनवर फिरत होता. तिने लस द्यायला नकार दिला. मी म्हणालो, "तुझं मूल, तुझी मर्जी." तुम्ही तिच्या घरी गेलात, तीन दिवस, ड्यूटी संपल्यावर. तिला समजावायला नव्हे, असं तुम्हीच मला म्हणाला होतात. तिला तो आवाज कुणी पाठवला आणि तिला नेमकं कशाचं भय आहे, एवढंच विचारायला. तिच्या भावाचं मूल खरंच अधू होतं. ते कशामुळे, हे तिला कुठल्याच डॉक्टरने कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते शोधून सांगितलंत. चौथ्या दिवशी ती बाळाला घेऊन आली. मी लस दिली आणि म्हणालो, "आली का अक्कल?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझीही बाजू होती, सिस्टर. दिवसाला साठ-सत्तर माणसं. प्रत्येकाचा व्हिडिओ बघत बसलो असतो तर तपासलं कधी असतं? याचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत आणि मला अजून सापडलेलं नाही. एवढंच कळतं की पायरीवरच्या तुमच्या दहा मिनिटांत जे व्हायचं, ते माझ्या पूर्ण दिवसात व्हायचं नाही.

आता ते सांगतो.

दवाखान्याचा ग्रुप लॉकडाऊनमध्ये आपण सुरू केला होता, दवाखाना कधी उघडा हे लोकांना कळावं म्हणून. नंतर तो तसाच राहिला. त्यासाठी वेगळा फोन होता. तो तुमच्या टेबलावर असायचा. मी तपासता तपासता सांगायचो, "उद्या लेट येणार म्हणून टाका," आणि तुम्ही टाइप करायचात, खाली माझं नाव. लोकांना हे माहीत होतं. ग्रुपवरची एकूण एक ओळ तुमच्या बोटांतून गेलेली होती. एक सोडून.

त्या दुपारी तुम्ही डबा खायला मागच्या खोलीत गेला होतात. एका पेशंटने मला व्हिडिओ दाखवला. पांढरा कोट घातलेला एक माणूस, मागे देवाची तसबीर, कसल्याशा बियांचं पाणी. एकवीस दिवस प्या, इन्सुलिन कायमचं सुटेल. त्या दिवशी असा तो तिसरा माणूस होता. माझं डोकं फिरलं. मी तो व्हिडिओ दवाखान्याच्या फोनवर घेतला आणि ग्रुपवर टाकला. मग खाली वेगळा निरोप लिहिला. एका बोटाने, शोधत शोधत. "हा शुद्ध मूर्खपणा आहे. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांनी माझ्या दवाखान्यात येऊ नये."

तुम्ही हात पुसत आलात, फोन बघितलात.

"साहेब, हे काढा हो."

"का?"

"व्हिडिओ वर हाय, तुमचं खाली हाय. लोक वरचं बघतात. पुढं पाठवताना वरचंच पाठवतात. तुमच्या नंबरवरनं गेलं म्हणजे तुमीच सांगितलं असं होतंय."

"एवढे खुळे नाहीत लोक."

"आणि येऊ नका काय म्हणून लिहिलंत? ज्यानं बंद केलं असंल त्यालाच तर आलं पाहिजे की!"

"राहू दे. चार जणांना अक्कल येईल."

तुम्ही वाद घातला नाहीत. रक्ततपासणीच्या एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीमागे काहीतरी लिहिलंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "इन्सुलिन बंद करू नका. दुसरं काही घ्यावंसं वाटत असेल तर आधी विचारायला या. बंद केलं असेल तर आजच या, कुणी रागावणार नाही. इन्सुलिन चालू ठेवा." खाली तेच तेलुगूत, तुमच्या गल्लीच्या भाषेत. "व्हिडिओ काढून एवढं टाकते," म्हणालात. मी म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी मी विसरलो. तुम्ही आठवण केलीत तेव्हा म्हणालो, "सिस्टर, डॉक्टर मी आहे की तुम्ही?"

पुष्पाला अकराव्या वर्षापासून इन्सुलिन होतं. तुमच्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहायची, टॉवेलच्या कडा शिवायची. पहिली सुई तिला तुम्ही टोचली होती आणि स्वतःची स्वतः टोचायलाही तुम्हीच शिकवलं होतं. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. तिला गोळी चालणार नव्हती, पथ्यानेही भागणार नव्हतं, सुईच हवी होती. हे तिला माहीत होतं. पण वीस वर्षं रोज सुई टोचणाऱ्या माणसाला कुणी म्हटलं की एकवीस दिवसांत सुटेल, तर ते माहीत असणं किती टिकतं? तिला तो व्हिडिओ तिच्या नणंदेकडून आला. सोबत एवढंच होतं: "आपल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर आलाय."

ती गेल्यावर पाचव्या दिवशी तिचा नवरा व्यंकटेश आला. बाकं भरलेली होती. तो ओरडला नाही. हळू बोलत होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुमच्या ग्रुपवर आलं म्हणून घेतलं की तिनं, साहेब."

मी म्हणालो, "खाली लिहिलं होतं ना, मूर्खपणा आहे म्हणून."

"व्हय. तिसऱ्या दिवशी वांत्या लागल्यावर तिनं सोता ग्रुप उघडून बगितला. तवा वाचलं. मी म्हनलं, चल दवाखान्यात. ती म्हनली, नको, त्यांनी लिवलंय येऊ नका म्हनून. दोन दिवस नको नकोच म्हनत होती. बेशुद्ध पडल्यावर मोठ्या हॉस्पिटलात नेली." मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "कुनी लिवलं हे?"

सिस्टर, मला खोटं बोलावं लागलंच नाही. मी खरंच बोललो. मी म्हणालो, "ग्रुपचा फोन सिस्टरकडे असतो."

तुम्ही कोपऱ्यात ट्रेमध्ये कापसाचे बोळे भरत होतात. तुमचा हात थांबला. बाकांवरच्या सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एकदाच, आणि मी स्टेथोस्कोप कानाला लावला. कुणाच्याही छातीला तो लावलेला नव्हता. व्यंकटेश तुम्हाला तेलुगूत एक वाक्य बोलला. मला तेलुगू येत नाही. नंतर त्याचा अर्थ मी तुम्हाला विचारला नाही. तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत. तुम्ही फक्त म्हणायला हवं होतं, "साहेबांनी लिहिलं." तुम्ही लिहिलेली ती चिठ्ठी तर तुमच्याच ड्रॉवरमध्ये होती. का नाही म्हणालात? माझा दवाखाना बंद पडेल म्हणून? बाहेर बसलेल्या लोकांचा डॉक्टरवरचा विश्वास उडेल म्हणून? की एकोणतीस वर्षांनंतर मी स्वतःच तोंड उघडीन अशी तुम्हाला आशा होती, आणि तुम्ही माझ्यासाठी जागा मोकळी ठेवलीत? हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं. तिसरं उत्तर खरं असेल या विचाराने मला झोप येत नाही.

त्यानंतर तुम्ही आठ दिवस आलात. नवव्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवल्यात. "आता जमत न्हाई, साहेब." मी विचारलं नाही, काय जमत नाही. मी म्हणालो, "तब्येतीची काळजी घ्या."

मग मला कानावर येत राहिलं. तुमच्या दारात संध्याकाळी बायका बसायच्या. कुणाचं बीपी बघ, कुणाच्या पोराचा ताप बघ, तुम्ही सगळं चहा पिता पिता करायचात. ते बंद झालं. सिस्टरनेच चुकीचं औषध सांगितलं, असं आधी म्हणायचे. मग, सिस्टर त्या बीवाल्याकडून कमिशन घ्यायची. मग, सिस्टरने पुष्पाला दवाखान्यातून हाकलून दिलं. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी मोठी होत गेली, आणि प्रत्येक वेळी मला ती पेशंटच सांगायचे, विश्वासाने, माझ्या बाजूने बोलल्यासारखं. "बरं झालं साहेब, तुमी काढून टाकलं तिला." आयुष्यभर मी लोकांवर चिडलो की कुठून कुठून खोटं उचलतात आणि पुढे पाठवतात. हे खोटं माझ्या टेबलावरून निघालं होतं. मी एकदाही अडवलं नाही. मी फक्त म्हणायचो, "जाऊ द्या. पुढचा कोण?"

तुमच्या पोटाच्या गाठीचं कळल्यावर मी तुमच्या घरी आलो. तुम्ही कॉटवर बसून होतात, पाठीला उशी. मी रिपोर्ट मागितले. खिडकीशी धरून वाचले, परत वाचले. त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्हालाही ते माहीत होतं. तुम्ही नर्स होतात. तुमच्या भाचीने, अनिताने, चहा आणला. ती आत गेल्यावर तुम्ही म्हणालात, "साहेब, जे बोलायला आलाय ते बोला की."

मी म्हणालो, "जेवण जातंय का?"

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. रागाने नाही. आपल्याकडे एखादा पेशंट खरं दुखणं सोडून सर्दीचंच सांगत बसायचा, तेव्हा त्याच्याकडे जसं बघायचात तसं. मग म्हणालात, "जातंय. भात जातोय."

दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही झोपला होतात. मी अर्धा तास बसलो. तुम्ही जाग्या होऊ नयेत असं मला वाटत होतं. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

तुमच्या दहाव्याला मी ठरवून आलो. तुमच्या दारात मांडव होता. शेवटची चार वर्षं या दारात कुणी उभं राहत नव्हतं, आता गल्ली जमली होती. अनिताला बाजूला घ्यायचं नाही, सगळ्यांसमोर बोलायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पुष्पाच्या वेळचा तो व्हिडिओ राजमणी सिस्टरनी टाकला नव्हता. मी टाकला होता. खालची ओळही माझी होती. त्यांनी मला काढायला सांगितलं होतं.

अनिता रडायला लागली आणि तिने माझे पाय धरले. "साहेब, लई मोठं मन तुमचं. मावशी गेल्यावर तरी तिच्यावरचा डाग सोतावर घेताय."

"अगं, डाग नाही. खरं सांगतोय मी."

"असू द्या साहेब. कळतंय की मला."

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "डॉक्टर थकलेत आता. जवळचं माणूस गेलं की असं होतंय." व्यंकटेश पुढे आला. केस पिकलेत त्याचे. त्याने मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"देवमानूस हाय तुमी," तो म्हणाला. "मेलेल्या मानसाला सांभाळून घेताय. नका तरास करून घेऊ. आमी सिस्टरला कदीच माफ केलंय."

मी पाणी प्यायलो, सिस्टर. ड्रॉवरमधून तुम्ही नेलेली ती इन्सुलिनची चिठ्ठी कुठे आहे, अनिताला विचारलं. तुमचे कागद गाठोडं बांधून रद्दीत गेले म्हणाली. चार वर्षांपूर्वी मी हे बोललो असतो तर लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या, दगड मारले असते, पण विश्वास ठेवला असता. आता मी म्हातारा आहे, भला आहे, आणि तुमच्या गल्लीने काय मानायचं ते मानून टाकलं आहे. हे छापून आलं तरी ती बदलेल असं मला वाटत नाही. डॉक्टर किती चांगला, असंच म्हणतील. तुम्ही असता तर पायरीवर बसून एकेकाला सांगितलं असतंत, आधी त्याचं ऐकून घेतलं असतंत. माझ्याकडे ती कला नाही, आणि ज्यांच्याकडून शिकायची त्यांनाच मी घालवून बसलो.

तुमच्या कॉटशेजारी बसून जे बोलायला आलो होतो आणि जेवणाचं विचारून परत गेलो, ते हे होतं. सिस्टर, व्हिडिओ मी टाकला. पुष्पाला येऊ नकोस असं मी लिहिलं. तुम्ही काढा म्हणालात, मी काढू दिलं नाही. भरल्या दवाखान्यात मी तुमचं नाव पुढे केलं आणि स्टेथोस्कोप कानाला लावून बसलो. तुम्ही एकोणतीस वर्षं मला सांभाळलंत, मी तुम्हाला एक मिनिट सांभाळलं नाही. मला माफ करा.